संमती आणि शरणागती



‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचन आपल्याकडे सर्वांत अधिक ऐकू येते ते लग्नाच्या बैठकीत. मुलगी मान खाली घालून बसलेली असते. कोणीतरी विचारते, “काय गं, पसंत आहे ना?” ती काही बोलत नाही. मग एखादे मामा किंवा आत्याबाई हसून हे वचन म्हणतात आणि मंडळी चहाकडे वळतात. बैठकीत हे खपून जाते. परंतु या वचनातली सोय पाहा. ज्याला उत्तर हवे आहे तोच प्रश्न विचारतो, आणि समोरची व्यक्ती गप्प राहिली की त्याला हवे ते उत्तर तो तिच्या नावावर लिहून टाकतो. हीच सोय बैठकीतून उठून पोलीस ठाण्यात, इस्पितळात आणि न्यायालयात गेली तर काय होते, हा आजचा विषय आहे. श्रोत्यांत वडीलधारी मंडळी आहेत, कॉलेजात जाणारी मुलेमुलीही आहेत. तरीही बलात्काराला मी बलात्कारच म्हणणार आहे. आपल्या वर्तमानपत्रांनी पुष्कळ वर्षे त्याला ‘अतिप्रसंग’ म्हटले. ‘अतिप्रसंग झाला’ या वाक्यात कर्ता शोधून सापडत नाही; वादळ झाले, अपघात झाला, तसा अतिप्रसंग झाला.

‘संमती’ हा शब्द महाराष्ट्रात गाजला तो 1891 साली. संमतिवयाच्या कायद्याने मुलीशी शरीरसंबंध ठेवण्याची वयोमर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली. रानडे, भांडारकर, आगरकर एका बाजूला आणि टिळक दुसऱ्या बाजूला असा तो संग्राम आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. धर्मात परकीय सरकारने हात घालावा की नाही, वय दहा असावे की बारा, शास्त्राधार काय, यावर रकानेच्या रकाने लिहिले गेले. तो वाद मोठा होता आणि त्यातून झालेले काम चांगले होते. पण मौज अशी की नाव संमतीचे असूनही त्या वादात संमतीविषयी बोलणे फार थोडे झाले. वय मोजता येते. इच्छा मोजायची कशी, हा प्रश्न तसाच बाजूला राहिला, आणि तो पुन्हा पुढे आला तो बरोबर एक्याऐंशी वर्षे आधीच्या त्या वादानंतर, महाराष्ट्राच्या पार पूर्व टोकाला.

देसाईगंज हे गाव त्या वेळी चंद्रपूर जिल्ह्यात होते. आज ते गडचिरोली जिल्ह्यात आहे. 26 मार्च 1972 च्या रात्री तेथील पोलीस ठाण्यात एक आदिवासी मुलगी आणली गेली. डॉक्टरांनी पुढे तिचे वय चौदा ते सोळा ठरवले. आईबाप नव्हते, भावाजवळ राहून ती मोलमजुरी करी. ज्या घरी ती कामाला जाई, तेथल्या एका तरुणाशी तिचे प्रेम जमले होते आणि दोघे लग्न करणार होती. भावाला ते पसंत नव्हते. बहिणीला पळवून नेले अशी तक्रार त्याने दिली, म्हणून सर्वांना ठाण्यावर बोलावले होते. जबाब झाले. साडेदहाच्या सुमारास मंडळी निघाली, तेव्हा पोलिसांनी मुलीला मागे थांबवून घेतले. बाकीची माणसे बाहेर उभी राहिली. ठाण्याचे दिवे मालवले गेले, दार आतून लागले. बाहेरच्यांना शंका आली, हाका मारल्या गेल्या, लोक जमले. मुलगी बाहेर आली आणि तिने सांगितले की, कॉन्स्टेबलने तिच्यावर बलात्कार केला आणि त्यानंतर दारूच्या नशेत असलेल्या हेड कॉन्स्टेबलने तिच्या अंगावर हात टाकला.

त्या मुलीचे नाव मी घेणार नाही. खटला तिच्याच नावाने ओळखला जातो, कायद्याच्या पुस्तकांत ते नाव छापलेले आहे. पण नाव उघड न करण्याचा जो कायदा पुढे झाला तो या खटल्यामुळेच झाला, आणि ज्या मुलीमुळे तो झाला तिला तरी त्याचा फायदा मिळू द्यावा असे मला वाटते.

जमाव खवळला होता आणि ठाणे जाळून टाकण्याची भाषा करीत होता, असे निकालपत्रातच नमूद आहे. हे मी मुद्दाम सांगतो. देसाईगंजच्या त्या गर्दीला साक्षीपुराव्याचा कायदा ठाऊक नव्हता. पण रात्रीच्या वेळी दिवे मालवलेल्या ठाण्यातून पोर बाहेर येते आणि असे सांगते, तेव्हा तिला आधी काय विचारावे आणि काय विचारू नये, हे तिला बरोबर कळले.

शिकलेल्यांच्या दरबारात मात्र प्रश्न वेगळे निघाले. वैद्यकीय तपासणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झाली. अंगावर जखमा नव्हत्या. मुलीला पूर्वी शरीरसंबंध घडलेला आहे, असा अभिप्राय दोन बोटांच्या चाचणीवरून लिहिला गेला. झाले! 1974 साली सत्र न्यायालयाने दोघांना सोडून दिले. मुलगी खोटे बोलणारी आहे, तिला संबंधांची सवय आहे, आणि बाहेर प्रियकर व गर्दी उभी असल्याने आपण शुद्ध आहोत हे दाखवण्यासाठी तिने बलात्काराची कथा रचली, असे न्यायालयाचे मत पडले. संबंध घडला हे न्यायालयाने नाकारले नाही. तो तिच्या संमतीने घडला, असे म्हटले.

1976 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा निकाल फिरवला. कॉन्स्टेबलला पाच वर्षांची आणि हेड कॉन्स्टेबलला एक वर्षाची शिक्षा दिली. आजच्या विषयाचे मर्म त्या निकालातल्या एका भेदात आहे. संमती निराळी आणि अगतिक शरणागती निराळी, असे उच्च न्यायालयाने सांगितले. ते पोलीस तिच्या ओळखीचे नव्हते. भावाची तक्रार त्यांच्याच हातात होती. अशा जागी, अशा वेळी तिने देह टाकला असेल तर त्याला होकार म्हणता येत नाही.

हा निकाल दोन वर्षे टिकला. 15 सप्टेंबर 1978 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांना निर्दोष सोडले. जखमा नाहीत, त्या अर्थी प्रतिकार नाही. प्रतिकाराची हकीगत बनावट आहे. पोलिसाने हात धरला तेव्हा तिने जवळच असलेल्या आपल्या माणसांना हाक मारली नाही. मृत्यूची किंवा इजेची भीती घातल्याचा पुरावा नाही. सबब संमती. मंडळी, हा युक्तिवाद एकेक पायरीने तपासा म्हणजे दिसेल की, प्रत्येक पायरीवर मुलीच्या शरीराची साक्ष काढलेली आहे, तिच्या इच्छेची नाही. जखम नसणे हा पुरावा, ओरड नसणे हा पुरावा, पूर्वीचा संबंध हा पुरावा. आणि तिने तोंडाने सांगितलेली गोष्ट तेवढी पुरावा नव्हे!

एक वर्षाने, 16 सप्टेंबर 1979 रोजी, उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. पोलीस ठाण्यात अडकलेल्या गरीब, पोरक्या, अजाण मुलीने आरडाओरडा करून पोलिसांना परतवावे, ही अपेक्षा कोणत्या जगातली, असा त्या पत्राचा रोख होता. लग्नापूर्वीचा संबंध ज्या समाजाला निषिद्ध वाटतो, तेथे कोणाही पोलिसाला त्यामुळे मुभा मिळते काय, असेही त्यांनी विचारले. निकाल बदलला नाही. फेरविचाराचे प्रयत्न फसले. परंतु 1980 साली मुंबईपासून दिल्लीपर्यंत स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि 1983 साली कायदा बदलला. पोलीस, तुरुंगाधिकारी, इस्पितळातले कर्मचारी यांनी आपल्या ताब्यातल्या स्त्रीवर केलेला बलात्कार हा वेगळा व अधिक कडक शिक्षेचा गुन्हा ठरला. अशा खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने ‘माझी संमती नव्हती’ असे सांगितले, तर ती नव्हती असे न्यायालयाने गृहीत धरावे, असे कलम आले. ज्या दोघांमुळे हे घडले ते दोघे मात्र सुटलेच.

त्यानंतरची वाटचाल भराभर सांगतो. 1872 च्या पुराव्याच्या कायद्यात एक कलम होते. तक्रार करणारी स्त्री सामान्यतः अनीतिमान आहे, हे दाखवण्याची मुभा आरोपीला त्याने दिली होती. ब्रिटिशांनी लिहिलेले हे कलम स्वतंत्र भारतात पंचावन्न वर्षे चालले. 2002 च्या दुरुस्तीने ते गेले. महाराष्ट्रातल्याच एका पोलीस निरीक्षकाच्या प्रकरणात 1990 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की, बाई कशीही असो, तिच्या मर्जीविरुद्ध तिच्या अंगाला हात लावण्याचा हक्क कोणाला नाही. दोन बोटांच्या चाचणीने स्त्रीच्या खासगीपणाचा भंग होतो असे 2013 साली ठरले. ती करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल, असे 2022 साली सांगावे लागले. ‘लागले’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. मधल्या नऊ वर्षांत ती थांबली असती तर पुन्हा सांगण्याचे कारण पडले नसते.

आणि 2013 सालीच, दिल्लीतल्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालापाठोपाठ, कायद्यात प्रथमच संमतीची स्पष्ट व्याख्या आली. शब्दाने, खुणेने किंवा अन्य कोणत्याही प्रकारे, त्या विशिष्ट कृतीपुरती, स्वेच्छेने आणि निःसंदिग्धपणे दाखवलेली तयारी म्हणजे संमती. केवळ शरीराने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून स्त्रीची संमती होती असे मानता येणार नाही, हेही तेथे लिहिले. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या 63 व्या कलमात हीच व्याख्या कायम आहे. ‘त्या विशिष्ट कृतीपुरती’ या शब्दांकडे आपले विशेष लक्ष वेधतो. काल दिलेला होकार आजचा नसतो, एकाला दिलेला दुसऱ्याला लागू पडत नाही, आणि सिनेमाला बरोबर येण्याचा होकार हा सिनेमाला येण्याचाच असतो. कोणी आपल्याकडून एकदा शंभर रुपये उसने नेले म्हणून पुढे न विचारता आपल्या खिशात हात घालू लागला, तर आपण त्याला काय म्हणू?

कायदा बदलला, बोलणे बदलले काय? आपल्या म्हणी घ्या. ‘टाळी एका हाताने वाजत नाही.’ भांडणाविषयी हे खरे असेल. पण थप्पड एका हातानेच मारली जाते. दुसरी म्हण आईने लेकीला, आजीने नातीला शिकवलेली: काटा पानावर पडला काय किंवा पान काट्यावर पडले काय, फाटते ते पानच. यामागे माया आहे, मुलीला जपण्याची तळमळ आहे, हे मी नाकारत नाही. परंतु या म्हणीत काट्याला कोणी काही शिकवत नाही. काटा निसर्गाने तसा आहे, असे धरून चालायचे. वस्तुतः पुरुष हा काटा नाही. त्याला विचार आहे, विवेक आहे, ‘नको’ या शब्दाचा अर्थ त्याला बाजारात, कचेरीत, बसमध्ये बरोबर कळतो. एका ठिकाणी तेवढा तो कळेनासा होतो, हे पटण्यासारखे नाही.

तशीच ‘अब्रू’. घरफोडी झाली तर अब्रू चोराची जाते. बलात्कार झाला म्हणजे मात्र अब्रू तिची गेली असे आपण म्हणतो. लुटलेल्या माणसालाच लाज वाटावी असा हा एकच गुन्हा आपण भाषेत घडवून ठेवला आहे. मग तक्रार उशिरा का आली, म्हणून पुन्हा तिलाच विचारतो! घराण्याचे नाव, धाकट्या बहिणीचे लग्न, गावात तोंड दाखवणे या विवंचनांमुळे उशीर होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातील एका खटल्यात 1996 साली मान्य केले.

चांगली, पापभीरू माणसेही असे का बोलतात? मला वाटते, ती दुष्ट असतात म्हणून नव्हे. 1966 साली अमेरिकेत मेल्व्हिन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थिनींना एका मुलीला विजेचे धक्के बसताना दाखवले. धक्के खरे नव्हते, पण पाहणाऱ्यांना ते खरे वाटत होते. तिची सुटका करणे ज्यांच्या हाती होते, त्यांनी तिच्याविषयी बऱ्यापैकी मत दिले. ज्यांना काहीच करता येत नव्हते, ज्यांना तिचे हाल चालूच राहणार असे वाटत होते, त्यांनी तिलाच कमी लेखले. जग न्यायाने चालते ही श्रद्धा टिकवायची असेल, तर जिला दुःख भोगावे लागते तिचे काही चुकले असलेच पाहिजे, असे मन धरून चालते. आपण याला पूर्वकर्म म्हणतो, इतकेच. ‘ती इतक्या रात्री एकटी गेली म्हणून’ असे म्हणणाऱ्या काकूंना वास्तविक असे म्हणायचे असते की, माझी मुलगी रात्री जात नाही, म्हणून तिला काही होणार नाही.

दुसरा प्रयोग 1985 सालचा, तोही अमेरिकेतला. एका तरुण-तरुणीच्या भेटीची हकीगत वाचायला दिली. मजकूर तोच, शेवट तेवढा दोन प्रकारचा. एका शेवटात साधा निरोप, दुसऱ्यात बलात्कार. बलात्काराचा शेवट वाचणाऱ्यांना तो शेवट आधीपासूनच दिसत होता असे वाटले, आणि तरुणीच्या त्याच वागण्यात त्यांना दोष आढळले. घडून गेल्यावर आपण सगळेच ज्योतिषी होतो. शिवाय हे भाकीत ज्या चित्रावर उभे असते ते चित्रच चुकीचे. अंधारी गल्ली, अनोळखी गुंड! राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत गेली अनेक वर्षे शंभरांत नव्वदांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. नातलग, शेजारी, मालक, मित्र. ‘सातच्या आत घरात’ हा नियम ज्या घराकडे मुलीला पाठवतो, धोका पुष्कळदा तेथेच असतो.

राहिला तो जुना प्रश्न: ओरडली का नाही? मराठी माणसाला याचे उत्तर खरे तर शास्त्रज्ञाने द्यावे लागू नये. वाचा बसणे, दातखिळी बसणे, पाय लाकडासारखे होणे, हे शब्द आपल्याच भाषेत आहेत. साप पाहिल्यावर, अपघात पाहिल्यावर आपण ते वापरतो. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर उपचारासाठी आलेल्या 298 स्त्रियांची पाहणी 2017 साली प्रसिद्ध झाली. त्यांतील सुमारे 70 टक्के स्त्रियांनी सांगितले की, त्या वेळी अंग मोठ्या प्रमाणात जखडून गेले होते, हलता-बोलता येत नव्हते. ज्यांना असे झाले, त्यांना पुढे मानसिक त्रासही अधिक झाला. म्हणजे देसाईगंजच्या मुलीविरुद्ध जे मौन पुरावा म्हणून मांडले गेले, ते भयाचे नित्याचे लक्षण आहे.

एक आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो सभेनंतर विचारला जाण्यापूर्वी मीच घेतो. खोट्या तक्रारी होत नाहीत काय? होतात, चोरीच्याही होतात. म्हणून तर साक्ष, उलटतपासणी, पुरावा हे सारे आहे, आणि गुन्हा सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष आहे हे तत्त्व सोडावे असे मी म्हणत नाही. पण आरोपीला निर्दोष मानणे आणि तक्रार करणारीला दोषी मानणे या दोन गोष्टी एक नाहीत. चोरीच्या फिर्यादीला कोणी विचारत नाही की, तुम्ही पूर्वी दानधर्म करीत होता काय, मग या वेळीही दिलेच असेल!

हे सारे जुने झाले, आता न्यायालये सुधारली, असेही कोणी म्हणेल. 2020 साली कर्नाटकात एका जामिनाच्या आदेशात, अत्याचारानंतर थकून झोपी जाणे भारतीय स्त्रीला शोभत नाही, असे वाक्य आले. टीका झाल्यावर ते गाळले गेले. त्याच वर्षी मध्य प्रदेशात विनयभंगाच्या आरोपीने तक्रारदार स्त्रीकडून राखी बांधून घ्यावी, अशी जामिनाची अट घातली गेली. 2021 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली आणि स्त्रीचा पोशाख, वागणूक, चारित्र्य यांवर शेरे मारू नका, असे न्यायाधीशांना बजावले. तरी 2025 साली अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका आदेशात, तिने स्वतःच संकट ओढवून घेतले, असे म्हटले गेलेच.

शेवटी एक दार असे आहे की ज्याच्या आत ही व्याख्या अजून शिरलेली नाही. 1884 साली मुंबईत रखमाबाईंवर त्यांच्या नवऱ्याने नांदायला येण्यासाठी दावा लावला. अकराव्या वर्षी आपल्या संमतीवाचून झालेले लग्न आपण मानीत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पहिला निकाल त्यांच्या बाजूने लागला, मग फिरला. 1887 साली नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला, तेव्हा तुरुंगाची तयारी त्यांनी दाखवली. पुढे दोन हजार रुपये देऊन त्यांची सुटका झाली आणि त्या डॉक्टर झाल्या. त्यांनी विचारलेला प्रश्न असा होता की, लग्न झाले म्हणजे एकदाच कायमची संमती दिली असे होते काय. आजच्या 63 व्या कलमात अपवाद आहे: पत्नी अठरा वर्षांखालील नसेल, तर नवऱ्याने तिच्याशी ठेवलेला संबंध बलात्कार ठरत नाही. ही मर्यादा पूर्वी पंधरा होती. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने ती अठरावर नेली. अपवादाच्या घटनात्मकतेवर दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मते 2022 साली परस्परविरुद्ध पडली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने तेथे प्रतिज्ञापत्र दिले, आणि अपवाद काढू नये असे त्यात म्हटले. विवाहसंस्थेवर त्याचे दूरगामी परिणाम होतील, हे कारण दिले. हे कारण आपल्यापैकी पुष्कळांना पटणारे असेल, पुष्कळांना नसेल. त्यावर बोलायचे असेल त्यांच्यासाठी मी सभेनंतर थांबणार आहे.